दोन एन्झाइम आणि एक गल्लत

नागपूरच्या धंतोलीत आमच्या लॅबच्या काउंटरवर मागच्या आठवड्यात काटोलकडचा एक मुलगा आला. "ताई, मेंदूचं एन्झाइम तपासून द्या. आई सगळं विसरून राहिली. जेवण झालं की पुन्हा ताट मागते." स्मृतिभ्रंशाची चाहूल मेंदूतल्या एन्झाइमवरून (शरीरातल्या रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनावरून) आधीच लागते, असं त्यानं मोबाइलवरच्या बातमीत वाचलं होतं. वर म्हणाला, "बाबांचं केलं होतं ना मेडिकलमध्ये, फवारणीतून विषबाधा झाली तेव्हा!" मेडिकल म्हणजे इथलं सरकारी मेडिकल कॉलेजचं रुग्णालय.

विदर्भात ही गल्लत होणं अगदी स्वाभाविक आहे. वडिलांचं तपासलं ते कोलिनेस्टरेज. बातमीतलं एन्झाइम बहुधा बीटा-सिक्रिटेज असावं. दोघांचाही स्मृतीशी संबंध येतो, पण कामं पूर्ण वेगळी.

ॲसिटिलकोलीन हे एका चेतापेशीचा निरोप दुसरीकडे नेणारं रसायन. ओट्टो लोवी यांनी १९२१ साली बेडकाच्या हृदयावर प्रयोग करून असे निरोप रसायनातून जातात हे दाखवलं. निरोप पोहोचला की ॲसिटिलकोलीन तिथल्या तिथे मोडून टाकतं ॲसिटिलकोलिनेस्टरेज, म्हणजे कोलिनेस्टरेजचाच एक प्रकार. या एन्झाइमचा एक रेणू सेकंदाला हजारो रेणू मोडतो. ऑरगॅनोफॉस्फेट जातीचं कीटकनाशक अंगात गेलं की हे मोडणं थांबतं आणि निरोप वाजतच राहतो. लाळ गळते, घाम फुटतो, बाहुल्या बारीक होतात, श्वास कोंडतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-शेतमजूर गेले, ते इथे कोणी विसरलेलं नाही. रक्तातला कोलिनेस्टरेजचा आकडा तेव्हा उपयोगी पडतो. यकृत बिघडलं तरी प्लाझ्मातला (रक्ताच्या पातळ भागातला) आकडा उतरतो. आईच्या विसरण्याबद्दल मात्र तो काही सांगत नाही.

अल्झायमर या स्मृतिभ्रंशाच्या रोगात ॲसिटिलकोलीन बनवणाऱ्या पेशीच मरत जातात. त्यावरची डोनेपेझिलची गोळी ॲसिटिलकोलिनेस्टरेजलाच आवरते, म्हणजे उरलेलं रसायन जरा जास्त टिकतं. कीटकनाशक आणि ही गोळी एकाच ठिकाणी काम करतात हे ऐकून नातेवाईक घाबरतात. गोळीचा परिणाम मापात असतो आणि उतरतो, हा फरक मी दर वेळी समजावून सांगते. रोग मात्र तिनं थांबत नाही.

रोगाच्या मुळाशी जास्त जवळ आहे ते बीटा-सिक्रिटेज. ते १९९९ साली ओळखलं गेलं. चेतापेशीच्या आवरणात रोवलेल्या एका लांब प्रथिनाला ते पहिला छेद देतं, मग गॅमा-सिक्रिटेज दुसरा. मधला तुकडा म्हणजे ॲमिलॉइड बीटा. तो साचून मेंदूत प्लाक, म्हणजे गोळे, बनतात आणि हे साचणं लक्षणांच्या पंधरा-वीस वर्षं आधी सुरू होतं. म्हणूनच बीटा-सिक्रिटेज किती सक्रिय आहे यात आगाऊ खूण शोधतात, तीही मुख्यतः पाठीच्या मणक्यातून काढलेल्या पाण्यात. मला सर्वांत पटणारा पुरावा आइसलँडचा आहे: तिथल्या काही लोकांत एका जनुकीय बदलामुळे हा पहिला छेदच कमी बसतो आणि त्यांना अल्झायमरचा धोका कमी असतो, असं २०१२ साली दिसलं. मग हे एन्झाइमच बंद करावं, म्हणून औषधं आली. ती चाचण्यांत फसली. काहींत रुग्णांची स्मृती उलट आणखी घसरली. या एन्झाइमचा छेद मेंदूच्या इतर कामांसाठीही गरजेचा असतो. रोजच्या निदानासाठी त्याची तपासणी वापरात नाही.

त्या मुलाचे पैसे मी घेतले नाहीत. आधी डॉक्टरांना दाखवा, बी-१२ आणि थायरॉइडचं विचारा, असं सांगितलं. दोन्हींच्या कमतरतेनं विसरणं वाढतं आणि दोन्हींवर उपाय आहे. आई कोणत्या गोळ्या घेते, हेही विचारलं. सर्दी-खाजेच्या जुन्या गोळ्या, लघवी आवरण्याच्या काही गोळ्या ॲसिटिलकोलीनचा निरोप अडवतात आणि म्हाताऱ्या माणसाला गोंधळात टाकतात. त्यानं तिथूनच बहिणीला फोन लावला. ती डब्यातली एकेक पट्टी वाचत गेली, मी कागदावर नावं उतरवली. तिसरं नाव खाजेच्या गोळीचं होतं, दोन वर्षं रोज रात्री चालू असलेल्या. त्याभोवती गोल करून कागद त्याच्या हाती दिला. डॉक्टरांना आधी हे दाखवा, तोवर आपल्या मनानं काही बंद करू नका, म्हटलं.