न्यूमोकोकस

न्यूमोकोकस (स्ट्रेप्टोकोकस न्यूमोनिये) हा नाकात आणि घशात मागच्या बाजूला राहणारा बॅक्टेरिया. लहान मुलांच्या नाकात तर सर्रास सापडतो आणि बहुतेक वेळा काहीच करत नाही, पण फ्लूबिलूने आतलं अस्तर खराब झालं की खाली फुप्फुसात उतरतो नाहीतर कानात शिरतो, रक्तात गेला तर सेप्सिस (संसर्गाने सगळं शरीरच बिघडणं) आणि मेंदूच्या आवरणापर्यंत पोचला तर मेनिंजायटिस (त्या आवरणाची सूज). न्यूमोलायसिन नावाचं त्याचं विष पेशींना भोकं पाडतं, वर शरीराची स्वतःची सूज, त्यात फुप्फुसातल्या हवेच्या पिशव्या पाण्याने भरतात आणि दम लागतो.

पण त्याचं खरं हत्यार म्हणजे अंगावरचं साखरेचं कवच, त्यामुळे पांढऱ्या पेशींना तो नीट धरताच येत नाही. १९२८ मध्ये फ्रेडरिक ग्रिफिथने बिनकवचाचे जिवंत आणि कवचवाले मेलेले असे दोन्ही एकत्र उंदरांना टोचले, उंदीर मेले आणि आत जिवंत कवचवाले सापडले! म्हणजे बिनकवचाच्यांनी मेलेल्यांकडून कवच बनवायची कृती उचलली होती, आणि ती उचललेली गोष्ट डीएनए होती हे एव्हरी, मॅक्लिऑड आणि मॅकार्टी यांनी १९४४ मध्ये दाखवलं. जेनेटिक्सला यातून केवढा फायदा झाला, पण दुसऱ्याचा डीएनए उचलायची हीच सवय लसवाल्यांच्या डोक्याला ताप आहे.

कारण लस ओळखते ती कवचालाच, आणि कवचाचे प्रकार (सेरोटाइप) शंभराच्या आसपास. नुसत्या साखरेला दोन वर्षांखालची मुलं नीट दाद देत नाहीत म्हणून ती प्रोटीनला जोडून देतात, ती पीसीव्ही (न्यूमोकोकल कॉन्ज्युगेट व्हॅक्सिन, म्हणजे जोड-लस). अमेरिकेत २००० मध्ये सात प्रकारांवरची पीसीव्ही आली, गंभीर आजार खूपच कमी झाले, मोठ्यांमध्येसुद्धा, कारण मुलांकडून पसरणंच घटलं. पण रिकाम्या जागेत लसीत नसलेला १९ए हा सेरोटाइप वाढला, काही बॅक्टेरियांनी तर शेजाऱ्याचा डीएनए घेऊन कवचच बदललं. म्हणून २०१० मध्ये १९ए धरून तेरा प्रकारांची लस आणावी लागली.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या दहा प्रकारांच्या न्यूमोसिल या पीसीव्हीमध्येही १९ए आहे. भारतात सरकारी लसीकरणात पीसीव्ही २०१७ पासून काही राज्यांत आणि २०२१ पासून देशभर, दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिन्यांना, फुकट.

सेरोटाइप ३ मात्र वेगळाच नग, तेरावाल्या लसीत असूनही तिला फारसा जुमानत नाही, कारण त्याचं जाड कवच सैल असतं आणि सुटून बाहेर पडतं, मग अँटिबॉडी त्या सुट्या साखरेलाच चिकटत बसतात.