नवऱ्याने आयकर रिटर्न भरलं, मग बायकोचं कशाला?

हा समज जुनाच. पण आपल्याकडे जोडप्याचं एकत्र रिटर्न नसतंच. दोन पॅन, दोन हिशेब. समजा, शिवणकामाच्या पैशांतून केलेल्या एफडीवर बायकोला २०२५-२६ मध्ये ६० हजार व्याज मिळालं. व्याज ५० हजारांवर गेल्याने बँकेने व्याज देतानाच १० टक्के, म्हणजे ६ हजार कर (टीडीएस) कापला. तिचं एकूण उत्पन्न ३ लाख, कर शून्य. तरी ते ६ हजार रिटर्न भरल्याशिवाय परत येत नाहीत. (एफडीत पैसे नवऱ्याचे असतील, तर व्याजही त्याच्याच उत्पन्नात धरतात बरं का!) आणि ‘१२ लाखांपर्यंत करच नाही’ म्हणून निवांत बसलेल्यांनो, ती रिबेट आहे, म्हणजे हिशेबात निघालेल्या करावरची सूट. नव्या करप्रणालीत उत्पन्न ४ लाखांपुढे गेलं, की कर शून्य असला तरी रिटर्न भरावंच लागतं.