पाण्याचा फँटम आणि धाग्यांचा फँटम

मेंदूचा डिफ्युजन एमआरआय पाण्याच्या रेणूंची हालचाल मोजतो आणि त्यावरून चेतातंतूंच्या वाटा रेखाटतो. रेखाटलेली वाट खरी आहे का, हे जिवंत मेंदूवर पडताळता येत नाही, कारण आतलं खरं उत्तर कुणाकडेच नसतं. म्हणून स्कॅनरमध्ये फँटम ठेवतात, म्हणजे उत्तर आधीच ठाऊक असलेली वस्तू. ‘आमची पद्धत फँटमवर तपासली आहे’ असं कुणी म्हटलं, की माझा पहिला प्रश्न असतो: कोणत्या?

पहिला प्रकार द्रवाचा. बाटल्यांत साधं पाणी किंवा पीव्हीपी हे पॉलिमर विरघळवलेलं पाणी. पीव्हीपी जितकं जास्त, तितकं विसरण (डिफ्युजन), म्हणजे रेणूंचं पसरणं, मंद. तापमान एका अंशाने बदललं तरी विसरणाचा आकडा २ टक्क्यांच्या आसपास सरकतो, म्हणून बाटल्या बर्फाच्या पाण्यात बुडवतात. बर्फ शिल्लक आहे तोवर तापमान ०° से.लाच राहतं, आणि तिथे पाण्याचा विसरण गुणांक, म्हणजे पसरण्याच्या वेगाचं माप, सेकंदाला सुमारे ०.००११ चौरस मिलिमीटर असतो. ग्रेडियंटची, म्हणजे ज्या ठिकाणागणिक बदलत्या चुंबकीय क्षेत्राने स्कॅनर ठरावीक दिशेतली हालचाल मोजतो त्याची, ताकद १ टक्का चुकली तर हा आकडा साधारण २ टक्के चुकतो. अशी चूक हा फँटम लगेच पकडतो.

दिशेच्या बाबतीत मात्र तो आंधळा आहे. द्रवात पाणी सगळीकडे सारखंच पसरतं. ग्रेडियंटच्या दिशांच्या तक्त्यात एका अक्षाचं चिन्ह उलटं पडलं, तरी बाटलीतला आकडा जसाच्या तसा येतो. मेंदूत त्याच चुकीने तंतू भलतीकडे वळतात. मला ही चूक सगळ्यात धोकादायक वाटते, कारण चित्र तरीही सुंदरच दिसतं.

ती पकडायला धाग्यांचा फँटम लागतो. पाणी न शोषणारे, सुमारे २० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचे कृत्रिम धागे घट्ट आवळून जुडी करतात. सिग्नल येतो तो धाग्यांमधल्या फटींतल्या पाण्यातून. ते जुडीच्या लांबीने मोकळं धावतं, आडवं अडतं. फटीत हवेचा बुडबुडा राहिला तर आसपासचं चुंबकीय क्षेत्र बिघडतं. आणि जुडी तिरपी ठेवायची! अक्षाला समांतर ठेवली तर उलटं चिन्ह इथेही निसटतं.

जुड्या एकमेकींना छेदतात तिथे पद्धतीचा खरा कस लागतो. २००९च्या ‘फायबर कप’ स्पर्धेत असाच, मेंदूच्या उभ्या छेदावर बेतलेला फँटम होता. वेगवेगळ्या चमूंनी त्याच्या एकाच माहितीवरून वाटा काढल्या आणि त्या ठाऊक असलेल्या वाटांशी ताडून पाहिल्या.

तरी धागा म्हणजे चेतातंतू नव्हे. मेंदूतले बरेचसे अक्षतंतू, म्हणजे चेतापेशींचे लांब धागे, १ मायक्रॉनच्या आसपास जाडीचे असतात आणि त्यांच्या आतही पाणी असतं. भरीव धाग्यात ते नसतं, त्यामुळे अक्षतंतूंची जाडी मोजू पाहणाऱ्या पद्धतींसाठी पोकळ धाग्यांचे फँटम वेगळे बनवावे लागतात.