पहिलं रंगीत कार्टून? आधी रंग किती ते सांगा

‘फ्लॉवर्स अँड ट्रीज’ हे जगातलं पहिलं रंगीत कार्टून, हे वाक्य दिसलं की मला राहवत नाही. १९३२ साल, डिस्ने, दिग्दर्शक बर्ट जिलेट, कृष्णधवलात सुरू झालेलं काम बाजूला टाकून रंगात पुन्हा केलेलं, कार्टूनपटांसाठीचं पहिलं ऑस्कर. हे बहुतेकांना ठाऊक असतं, म्हणून त्यात वेळ घालवत नाही.

पण पहिलं रंगीत? नाही. १९३० मध्येच अब आयवर्क्सचं ‘फिडलस्टिक्स’ रंगात आलं होतं. मिकी माउसला रूप देणारा हाच आयवर्क्स, नुकताच डिस्नेपासून वेगळा झालेला. फ्लिप नावाचा बेडूक नाचतो, पियानो वाजवतो, एक उंदीर व्हायोलिनवर साथ देतो. गोष्ट एवढीच. दोन्ही बोलपटच, तेव्हा आवाजाचा मुद्दा इथे येतच नाही.

यावर लोक चूक सुधारतात: ‘बरं, पहिलं टेक्निकलर कार्टून म्हणा.’ तेही चूक, आणि घोळाचं मूळ इथेच आहे. १९३०च्याच ‘किंग ऑफ जॅझ’ या संगीतपटाच्या सुरुवातीला वॉल्टर लँट्झचं छोटं कार्टून आहे, तेही टेक्निकलरमध्येच. टेक्निकलर हे कंपनीचं नाव. तिने वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या रंगप्रक्रिया वापरल्या आणि सगळ्यांवर शिक्का एकच मारला.

१९३०चं टेक्निकलर दोन रंगांचं होतं. कॅमेऱ्यात प्रकाशाच्या दोनच नोंदी व्हायच्या, एक तांबड्या बाजूची आणि एक हिरव्या बाजूची. प्रिंटवरही दोनच रंग चढायचे: नारिंगीकडे झुकणारा तांबडा आणि निळसर हिरवा. चेहरे, लाकूड, विटा यांना हे पुरतं. पण खरा निळा त्यातून निघत नाही, लख्ख पिवळा नाही, जांभळा तर नाहीच. ‘किंग ऑफ जॅझ’मध्ये ‘ऱ्हॅप्सडी इन ब्लू’ ही रचना आहे. नावातच निळा, आणि पडद्यावर मजल गेली ती मोरपिशीपर्यंत.

१९३२च्या प्रक्रियेत तिसरी नोंद आली, निळ्याची. तांबडा, हिरवा, निळा अशा तीन नोंदी, आणि त्यांवरून प्रिंटवर निळसर, किरमिजी आणि पिवळा हे तीन रंग एकावर एक. दिवाळी अंकाचं रंगीत मुखपृष्ठ छापलेलं ज्यांनी जवळून पाहिलंय त्यांना हे लगेच कळेल. तिथे काळी शाई चौथी असते.

तिसऱ्या रंगाने काय साधलं ते ‘फ्लॉवर्स अँड ट्रीज’चा शेवट दाखवतो. पक्षी ढगांना भोकं पाडतात, पावसाने आग विझते, दोन झाडांचं लग्न लागतं आणि मागे इंद्रधनुष्य उमटतं. दोन रंगांत ते काढूनच बघा! मला त्या प्रेमकथेत फारसा रस नाही. खोड आणि झाडाची मारामारीही मी ओलांडून जातो. त्या कमानीसाठी मात्र तो पट पुन्हा पुन्हा लावतो.

सालावरून अंदाज बांधू नका. तीन रंगांच्या प्रक्रियेचा कार्टूनपुरता हक्क १९३५ अखेरपर्यंत एकट्या डिस्नेकडे होता. त्यामुळे १९३४ मध्ये फ्लायशर किंवा वॉर्नर या दुसऱ्या स्टुडिओंची रंगीत कार्टूनं दोन रंगांतच निघत होती. त्यांना ‘प्रिंट फिकट पडलीय’ म्हणणाऱ्यांचा मला खरंच राग येतो. ती फिकी पडलेली नाहीत, त्यांच्याजवळ होते तेवढे रंग त्यांनी वापरले. आणि ‘फिडलस्टिक्स’चा तो तांबूस-हिरवा मेळ मला मनापासून आवडतो.

आपल्याकडेही हीच गल्लत होते. मुंबईच्या इंपीरियल फिल्म कंपनीचा ‘किसान कन्या’ (१९३७) आणि सोहराब मोदींचा ‘झाँसी की रानी’ (१९५३), दोघांनाही ‘पहिला रंगीत’ म्हणून लोक वाद घालतात. ‘किसान कन्या’ सिनेकलरमध्ये होता, म्हणजे दोन रंगांत. ‘झाँसी की रानी’ टेक्निकलरमध्ये, तीन रंगांत.