साइट उघडत नाही: पत्ता हरवलाय की रस्ता?

आमच्या दादरच्या बिल्डिंगमध्ये एखादी साइट उघडली नाही की सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य असतं, "नेट गेलं." मग कुणीतरी हमखास सुचवतं, "डीएनएस बदलून बघ, ८.८.८.८ टाक." डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारी यंत्रणा, आणि ८.८.८.८ हा गूगलचा डीएनएस. कधी त्याने साइट लगेच उघडते, तर कधी ढिम्म फरक पडत नाही. नेटवर्कच्या कामात बरीच वर्षं गेल्यामुळे मला या सल्ल्याची काळजी वाटते. तो चूक नाही, पण दोन वेगळ्या आजारांवर एकच गोळी दिली जाते आणि ज्यांचं दुकान किंवा क्लास नेटवर चालतो त्यांचा दिवस वाया जातो. एका आजारात पत्ता सापडत नाही. दुसऱ्यात पत्ता हातात असतो, पण तिथे पोचायचा रस्ताच नसतो.

पत्त्याचं काम डीएनएसकडे आहे. आपण साइटचं नाव टाइप करतो, पण यंत्रांना लागतो आकड्यांचा आयपी पत्ता. पूर्वी सगळ्या यंत्रांची नावं आणि पत्ते एकाच फाइलमध्ये असायचे आणि ती फाइल प्रत्येकाने उतरवून घ्यायची. ते आवाक्याबाहेर गेलं तेव्हा, १९८३ साली, पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना मांडली. आता पूर्ण यादी कुणाकडेच नसते. मुळाशी असलेला सर्व्हर सांगतो की डॉट इनवाल्यांना विचारा, ते सांगतात की त्या कंपनीच्या सर्व्हरला विचारा, आणि तो शेवटी पत्ता देतो. मिळालेलं उत्तर ठरावीक वेळ साठवून ठेवलं जातं. गिरगावच्या चाळीतली मावशी डोंबिवलीला राहायला गेली, तरी आपल्या डायरीत कितीतरी दिवस गिरगावचाच पत्ता राहतो, तसंच हे. साइटने जागा बदलली की काही तास तुमच्याकडे ती उघडते आणि शेजारच्यांकडे उघडत नाही, त्याचं कारण बहुतेक वेळा ही जुनी डायरी असते.

रस्त्याचं काम बीजीपीकडे, म्हणजे जाळ्यांनी एकमेकांना वाटा सांगायच्या पद्धतीकडे आहे, आणि त्याच्याबद्दल फार कमी बोललं जातं. आपण इंटरनेट म्हणतो ती प्रत्यक्षात हजारो स्वतंत्र जाळी आहेत: तुमच्या नेटवाल्याचं एक, मोबाइल कंपनीचं एक, गूगलचं एक. प्रत्येक जाळं शेजारच्या जाळ्याला सांगत राहतं, "अमुक पत्ते माझ्याकडे आहेत" किंवा "अमुक पत्त्यांकडे माझ्यातून जाता येतं." शेजारी ते पुढच्याला सांगतो. १९८९ पासून या पद्धतीने काम चालू आहे. सगळे रस्ते एका जागी बसून ठरवणारं कुणी नाही. शेजाऱ्याच्या शब्दावर विश्वास, हाच पाया. मला हे आजही विलक्षण वाटतं, आणि धोकाही तिथेच आहे.

रस्ता तुटला तरी साइट बंद पडतेच असं नाही. विसर्जनाच्या दिवशी लालबाग-परळकडचे रस्ते बंद होतात, वाहतूक वळवली जाते, आपण पोचतो पण उशिरा. ६ सप्टेंबर २०२५ ला, म्हणजे नेमक्या अनंत चतुर्दशीला, तांबड्या समुद्रात जेद्दाहजवळ समुद्राखालच्या केबल तुटल्या. त्यातल्या सी-मी-वी ४ आणि आयमीवी या दोन्ही मुंबईच्या किनाऱ्यावर येतात. राउटरांनी, म्हणजे माहिती पुढच्या वाटेला लावणाऱ्या यंत्रांनी, दुसऱ्या वाटा धरल्या, पण त्या लांबच्या होत्या आणि तिथे गर्दीही वाढली, त्यामुळे परदेशातल्या सेवा मंदावल्या. अशा दिवशी डीएनएस बदलून काहीच साधत नाही, कारण पत्ता आधीपासून बरोबरच असतो.

तुटलेल्या रस्त्यापेक्षा खोटा फलक जास्त घातक. २४ फेब्रुवारी २००८ ला पाकिस्तान टेलिकॉमला यूट्यूब फक्त आपल्या देशात रोखायचं होतं. त्यासाठी त्यांनी आपल्या जाळ्यात यूट्यूबच्या २५६ पत्त्यांचा एक खोटा मार्ग घातला, आणि तो चुकून हाँगकाँगच्या पीसीसीडब्ल्यू कंपनीमार्फत जगभर पसरला. यूट्यूबची स्वतःची घोषणा १०२४ पत्त्यांच्या मोठ्या गटाची होती. राउटरचा नियम असा की दोन घोषणा असतील तर जास्त नेमकी असेल ती मानायची. हायवेवर एका फलकावर नुसतं "मुंबई" आणि दुसऱ्यावर "दादर पश्चिम" लिहिलेलं असेल, तर दादरला जाणारा माणूस दुसऱ्याच्याच मागे जाईल. सुमारे दोन तास जगातल्या बऱ्याच भागातून यूट्यूबकडे निघालेली माहिती पाकिस्तानच्या दिशेने जाऊन तिथेच विरत होती. डीएनएस त्या काळातही यूट्यूबचा अचूक पत्ता देत होतं.

याच्या बरोबर उलटं घडलं ते २०२५ च्या दिवाळीत, २० ऑक्टोबरला. अ‍ॅमेझॉनच्या व्हर्जिनियातल्या केंद्रात, जिथून इतर कंपन्यांना सर्व्हर भाड्याने मिळतात, डायनॅमोडीबी नावाची साठवणुकीची सेवा आहे. तिच्या डीएनएस नोंदी आपोआप बदलणाऱ्या दोन यंत्रणांचं वेळेचं गणित चुकलं आणि नोंद रिकामी राहिली. रस्ते मोकळे होते, सर्व्हर चालू होते, पण डायरीतलं ते पान कोरं होतं. त्या सेवेवर उभी असलेली जगभरची अ‍ॅप त्यामुळे अडखळली. इथे ८.८.८.८ टाकूनही उपयोग नव्हता, कारण गूगलचा डीएनएससुद्धा शेवटी त्याच मूळ नोंदीकडे विचारायला जातो. हा उपाय लागू पडतो तो तुमच्या नेटवाल्याचा डीएनएस सर्व्हर आजारी असतो तेव्हाच.

घरी ओळखायचं कसं? क्रोममध्ये "डीएनएस प्रोब फिनिश्ड" असं दिसलं तर संशय पत्त्यावर घ्यायचा. "कनेक्शन टाइम्ड आउट" दिसलं तर पत्ता मिळालाय, पलीकडून उत्तर येत नाही. रस्ता गेला असेल किंवा सर्व्हरवरच ताण आला असेल. दहावीच्या निकालाच्या दुपारी बहुधा सर्व्हरवरचा ताण हेच कारण असतं. मग वायफाय बंद करून मोबाइल डेटावर तीच साइट उघडून बघा. तिथे उघडली तर साइट चालू आहे आणि दोष बहुधा तुमच्या नेटवाल्याच्या बाजूला आहे. त्याला फोन करून हे एवढंच सांगितलंत तरी तो योग्य जागी शोधायला लागतो.

पण स्क्रीनवरची ही खूणही फसवते, आणि ते मी कामावर असताना पाहिलंय. ४ ऑक्टोबर २०२१, सोमवार. महाराष्ट्रात शाळा त्याच दिवशी पुन्हा उघडल्या होत्या, पालकांचे व्हॉट्सअ‍ॅप गट दिवसभर वाजत होते. रात्री नऊनंतर सगळं एकदम शांत झालं. फेसबुक आणि इन्स्टाग्रामही गेलं. स्क्रीनवर डीएनएसची चूक दिसत होती, त्यामुळे जो तो डीएनएस बदलत होता. मूळ दुखणं मात्र रस्त्याचं होतं. देखभालीच्या कामात दिलेल्या एका आदेशाने फेसबुकच्या डेटा सेंटरांना जोडणारं अंतर्गत जाळंच तुटलं. त्यांच्या डीएनएस सर्व्हरना शिकवलेलं होतं की डेटा सेंटरशी बोलणं होत नसेल तर स्वतःला बिघडलेलं समजायचं आणि आपल्याकडे येणाऱ्या रस्त्याची बीजीपी घोषणा मागे घ्यायची. सगळ्यांनी एकदमच ती मागे घेतली. पत्ते सांगणारे सर्व्हर धडधाकट होते, पण त्यांच्यापर्यंत पोचायला वाटच उरली नाही. फोनमधली अ‍ॅप पुन्हा पुन्हा पत्ता विचारत राहिली. जगभरच्या आपल्या डीएनएस सर्व्हरवर नेहमीच्या ३० पट चौकशा येत असल्याचं क्लाउडफ्लेअर या इंटरनेट सेवा पुरवणाऱ्या कंपनीने नोंदवलं.

दुरुस्तीची साधनंही त्याच जाळ्यावर होती, म्हणून अभियंत्यांना प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये पाठवावं लागलं. आपल्याकडे पहाटेचे तीन वाजत आले तेव्हा आधी रस्त्यांच्या घोषणा परत दिसू लागल्या, आणि त्यानंतर काही मिनिटांनी पत्ते मिळू लागले.