हाताला धडाशी जोडणारे हाड

गळ्याखालच्या खळगीत बोट ठेवून ते हळूहळू खांद्याकडे सरकवले, तर त्वचेखाली किंचित नागमोडी असे एक हाड शेवटपर्यंत जाणवते. हेच जत्रुक, म्हणजे कॉलरबोन. अख्खा हात धडाच्या सांगाड्याला सांध्याने जोडलेला आहे तो याच हाडाच्या छातीकडील टोकाशी. पाठीवरचा खांद्याचा फरा बरगड्यांवर केवळ स्नायूंच्या आधाराने सरकत असतो. प्रौढ माणसाच्या २०६ हाडांपैकी १२६ हाडे हातापायांची आणि त्यांना धडाशी जोडणाऱ्या मेखलांची असतात. त्यांपैकी खांद्यांच्या मेखलेच्या वाट्याला फक्त ४ येतात.

जोडणी अशी सैल आहे म्हणूनच हात डोक्यामागे जातो, पाठीवरही पोहोचतो. फऱ्याची खोबण इतकी उथळ असते, की दंडाच्या हाडाचा गोल माथा तिच्यावर बशीवर चेंडू ठेवावा तसा टेकलेला असतो. कमरेची रचना याच्या अगदी उलट आहे. दोन्ही नितंबास्थी मागे माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीशी आणि पुढे एकमेकींशी घट्ट आवळलेल्या असून मांडीच्या हाडाचा गोळा खुब्याच्या खोल उखळीत रुतलेला असतो. त्यामुळे खांदा निखळणे ही नेहमीची गोष्ट, तर निरोगी खुबा निखळायला वाहनाच्या धडकेसारखा जबर आघात लागतो.

पाय घसरला की माणूस नकळत तळहात पुढे टेकतो. मग शरीराचा भार मनगट, कोपर, दंड आणि फरा असा चढत जत्रुकापर्यंत पोहोचतो. यातले नेमके काय मोडेल, हे बरेचसे वयावर ठरते. लहान मुलांत दंडाचे हाड कोपराच्या जरा वर मोडते. रजोनिवृत्तीनंतर हाडे विरळ झालेल्या स्त्रियांत अरास्थी, म्हणजे कोपरापुढच्या हाताचे अंगठ्याकडचे हाड, मनगटाजवळ मोडते आणि मनगटाला जेवणाच्या काट्यासारखा बाक येतो. डब्लिनचे शल्यचिकित्सक अब्राहम कॉलिस यांनी या मोडीचे वर्णन १८१४ मध्ये केले. क्ष-किरणांचा शोध लागला १८९५ मध्ये, म्हणजे त्यांनी ते हाताने चाचपूनच ओळखले होते. जत्रुक बहुधा मधल्या भागात मोडते आणि पुष्कळदा नुसत्या झोळीच्या आधाराने सांधते.

फसवे हाड मात्र स्कॅफॉइड. अंगठा ताणून वर केला की मनगटाच्या कडेला दोन कंडरांमध्ये, म्हणजे स्नायूंना हाडांशी बांधणाऱ्या दोऱ्यांमध्ये, एक खळगा पडतो. त्याच्या तळाशी हे लहानसे हाड असते. पडल्यानंतर तिथे दाबून दुखत असेल, तर पहिल्या एक्स-रेमध्ये काही न दिसूनही डॉक्टर मनगट स्थिर ठेवायला सांगतात, आणि ते योग्यच आहे. या हाडाचा बराचसा रक्तपुरवठा बोटांकडच्या भागातून आत शिरून मागे कोपराच्या दिशेने वाहतो, त्यामुळे मध्ये मोड झाली की मागच्या तुकड्याचे रक्त तुटते आणि तो सांधण्याऐवजी मृत होऊ शकतो.

खुब्यातही हीच अडचण येते, कारण मांडीच्या हाडाच्या गोळ्याला रक्त मुख्यतः त्या हाडाच्या मानेवरून, म्हणजे गोळ्याखालच्या निमुळत्या भागावरून मिळते. वृद्धापकाळी साध्या पडण्यानेही ही मान मोडते. मग पाय आखूड दिसतो आणि पाऊल बाहेर वळते. पण मोडलेली टोके एकमेकांत रुतून बसली, तर यातले काहीच दिसत नाही आणि माणूस लंगडत का होईना, चालूही शकतो. अशा वेळी जांघेत दुखते, एवढीच काय ती तक्रार असते.