माथ्याची उंची वेगळी, फेरीचा चढ वेगळा

पळणाऱ्यांच्या बोलण्यात ‘एलिव्हेशन किती?’ हा प्रश्न हमखास येतो, आणि त्याला उत्तरं दोन प्रकारची मिळतात. एक जण माथ्याची समुद्रसपाटीपासूनची उंची सांगतो, दुसरा घड्याळात दिसलेला एकूण चढ. दोन्ही आकडे मीटरमध्ये आणि दोन्हींना आपण सरसकट ‘उंची’ म्हणतो. पण पहिला आकडा जागेचा आहे, दुसरा वाटेचा. सोलापुरातल्या सिद्धेश्वर तलावाभोवतीच्या सपाटीवर सराव केलेला माणूस नळदुर्ग-तुळजापूरकडच्या टेकड्यांवर जातो, तेव्हा ही गफलत थेट पोटऱ्यांत उतरते.

आधी उंची, कारण तिचा विषय लवकर संपतो. सोलापूर शहर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटरवर आहे. बालाघाट डोंगररांगेवरचं तुळजापूर त्याहून दीडशे-दोनशे मीटर वर. एवढ्या फरकाने दमछाक होत नाही. हवा विरळ झाल्याचा परिणाम साधारण हजार-दीड हजार मीटरच्या पुढे जाणवू लागतो. टेकडीवरून दिसणारा देखावासुद्धा या आकड्यावर ठरत नाही, भोवतालच्या माळापेक्षा माथा किती वर आहे यावर ठरतो. म्हणजे आपल्या भागातल्या फेरीचं नियोजन करताना समुद्रसपाटीपासूनची उंची जवळजवळ बाजूलाच ठेवावी.

चढाचं तसं नाही. वाटेत जितक्या वेळा वर गेलात तितक्या सगळ्या मीटरांची बेरीज म्हणजे एकूण चढ. उतार त्यातून वजा होत नाही. समजा, फेरी 560 मीटरवरून सुरू झाली, टेकडीच्या माथ्यावर 640, तिथून ओढ्यात 540, पलीकडच्या टेपावर (छोट्या उंचवट्यावर) 600 आणि परत 560. टेकडी सुरुवातीपेक्षा 80 मीटरच उंच. पण चढ 80 अधिक 60, म्हणजे 140 मीटर. उतार 100 अधिक 40, तोही 140. जिथून निघालो तिथेच परत आल्यामुळे गोल फेरीत चढ आणि उतार नेहमी सारखेच असतात. दोन्हींचे आकडे फार वेगळे दिसले तर मोजणीत चूक आहे असं समजावं.

याचं उत्तम उदाहरण नळदुर्ग. सोलापूरहून हैदराबाद रस्त्याने सुमारे 45 ते 50 किलोमीटर. सोलापूरचा किल्ला भुईकोट आणि नळदुर्गही भुईकोटच म्हणून ओळखला जातो, त्यामुळे दोन्ही सारखेच सपाट असतील असं वाटतं. सोलापूरच्या किल्ल्याभोवती पळताना चढ नावालाच लागतो. नळदुर्ग मात्र बोरी नदीच्या खोलगट पात्राला धरून उभा आहे: 114 बुरूज आणि सुमारे तीन किलोमीटरचा तट. आत गेल्यावर उपली बुरुजाच्या पायऱ्या चढायच्या, कारण भोवतालचा सगळा मुलूख तिथूनच दिसतो. मग खाली यायचं, बोरीवरच्या बंधाऱ्याकडे जायचं आणि बंधाऱ्याच्या पोटातल्या पाणीमहालात उतरायचं. हा महाल दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात 1613 साली बांधला गेला. पावसाळ्यात नर-मादी धबधबे वाहू लागतात, तेव्हा पाणी डोक्यावरून जातं आणि आतली खोली कोरडी राहते. पाहून झालं की तेवढंच पुन्हा वर यायचं. दुरून सपाट दिसणारी जागा असा तुकड्यातुकड्यांनी चढ गोळा करते. ओबडधोबड दगडी पायरी 20 ते 25 सेंटिमीटर धरली, तर शंभर पायऱ्यांचा चढ 20 ते 25 मीटर होतो. एक सांगायलाच हवं: किल्ल्याच्या आत, विशेषतः तटावर आणि पाणीमहालाच्या ओल्या पायऱ्यांवर, पळायचं नाही, चालायचं. पळण्याची फेरी बाहेरच्या गाडीवाटेवर आखावी.

तुळजापुरात हेच उलटं दिसतं. गाव डोंगरावर, पण आई तुळजाभवानीचं मंदिर उतारात. महाद्वारातून पायऱ्या उतरत कल्लोळ तीर्थ आणि गोमुख तीर्थावरून आत जावं लागतं. दर्शन खाली आणि चढ परतीच्या वाटेवर. घाटरस्त्यावर अवजड वाहनं असतात, सरावासाठी ती जागा नव्हे.

आता हा चढ अंगावर किती येतो ते पाहू. ट्रेलवर, म्हणजे डोंगरातल्या कच्च्या वाटांवर, पळणारे सोपा हिशेब करतात: दर 100 मीटर चढामागे अंतरात एक किलोमीटर मिळवायचा. 10 किलोमीटर आणि 150 मीटर चढ म्हणजे मेहनत साडेअकरा किलोमीटरची. तेच 10 किलोमीटर 400 मीटर चढाचे असतील तर चौदाची. मध्यम म्हणवणाऱ्या फेरीत 10 ते 12 किलोमीटर आणि 150 ते 300 मीटर चढ असावा. त्यापुढच्या फेरीला मध्यम म्हणणं नवख्याला फसवणं आहे. ‘चढात गेलं ते उतारात भरून निघतं’ हा समजही सोडावा. 10 टक्के चढावर (शंभर मीटरमागे दहा मीटर वर) तेवढ्याच अंतराला सपाटीच्या सुमारे 1.65 पट ऊर्जा लागते, 10 टक्के उतारावर सुमारे 0.6 पट. दोन्हींची सरासरी एकाच्या वरच राहते. शिवाय चढावर वेग मंदावतो, अंगाला वारा कमी लागतो आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात शरीर लवकर तापतं. म्हणून मार्च ते मेमध्ये मुख्य चढ ऊन वर येण्याआधीच संपला पाहिजे.

मोजणीत घोळ कुठे होतो, तेही पाहा. फक्त जीपीएसवर चालणाऱ्या घड्याळाला उंची नीट कळत नाही. आकडा सतत खाली-वर हलतो आणि त्या हलण्याचीही बेरीज होते. तपासायचं असेल तर 400 मीटरच्या ट्रॅकवर 25 फेऱ्या मारा. खरा चढ शून्य असतो, घड्याळ जे दाखवेल ती त्याची चूक. हवेच्या दाबावर उंची मोजणारी घड्याळं यात बरीच बरी, पण दाब एका हेक्टोपास्कलने (हवेचा दाब मोजायचं एकक) उतरला की त्यांना आपण आठ-नऊ मीटर चढलो असं वाटतं. वळवाचं वातावरण असेल त्या दिवशी हा आकडा बिघडतो. घाम किंवा माती जाऊन घड्याळाचं दाब मोजायचं बारीक भोक बुजलं तरी बिघडतो. उंची जुळवून घ्यायला रेल्वे स्टेशनची पिवळी पाटी सोयीची, तिच्यावर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. त्या आकड्याचा आपल्याला खरा उपयोग एवढाच. नकाशावरून मोजणाऱ्यांची चूक उलट्या दिशेची असते: 1:50,000 प्रमाणाच्या नकाशात समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) दर 20 मीटरला असतात, त्यामुळे ओढे, बांध आणि छोटे टेप त्यात येत नाहीत आणि चढ कमी भरतो.

शेवटी दिशा. कोणत्याही बाजूने फिरलं तरी एकूण चढ तेवढाच राहतो, पण पायांना तो सारखा नसतो. आमचं मत: उभा तुकडा चढायला घ्यावा आणि लांबट, सौम्य बाजूने उतरावं. उभ्या उतारावर सुट्या मुरमात पाय घसरतो आणि प्रत्येक पावलाला मांड्यांना ब्रेक लावावा लागतो, दुसऱ्या दिवशी जिना उतरताना ते कळतं. पाऊस नुकताच झाला असेल तर काळ्या मातीचा तुकडा फेरीच्या अखेरीस ठेवावा. तळाला चिकटलेली चिखलाची ढेप घेऊन चढायला लागलात, तर बुटाची पकड गेलेली असते आणि वजन वाढलेलं. बांधालगत बाभळी असतील तर पातळ तळाचे बूट नकोत, काटा सरळ आरपार येतो.